आंब्याच्या खोडातले भुयार

बाबांना जाऊन तीन महिने झाले. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की आधी आमच्या क्वार्टरमागचा आंबा आठवतो.

बाबा आलापल्लीच्या जंगलातल्या लाकूड डेपोत कारकून होते. पन्नास सालानंतरची ती वर्षे. मी मॅट्रिक होऊन घरी पुस्तके वाचत बसलेली. आंब्याची कोय आईने सिंदेवाहीकडच्या माहेराहून आणून लावली होती. तिकडचे मूळ झाड पुढे वादळात पडले आणि त्या चवीचा आंबा एवढाच उरला. पण आठ-नऊ वर्षे झाली तरी त्याला मोहर येईना.

डेपोत बैलगाडी हाकणाऱ्या एका म्हाताऱ्या भाऊंनी त्यांच्या गावची रीत सांगितली. एकाने कुऱ्हाड उगारून झाडाला धमकावायचे, दुसऱ्याने त्याच्यासाठी गयावया करायची. शिमग्याच्या आधी एका सकाळी बाबा कुऱ्हाड घेऊन उभे राहिले.

"फळत नाहीस तर आज तोडतोच तुला."

आई आडवी आली. "नका तोडू जी. पुढच्या साली फळन तो."

"मागच्या सालीही तू हेच म्हणालीस," असे म्हणून बाबांनी खरोखरच तीन घाव घातले.

भाऊ मागे सरकले. "बाबूजी, धमकी द्याले सांगतली होती. मारपीट काऊन करून राह्यले?"

"नुसत्या धमकीला हा भीत नाही. माझ्या पोरीसारखा आहे."

सगळे हसले. आई हसली नाही.

पावसाळ्यात त्या घावांपैकी एकावर मला एक भुंगा दिसला. राखाडी अंग, मानेवर दोन नारिंगी डाग, मिशा अंगाहून लांब. हातात धरला तेव्हा तो करकरला. बाबांनी मला सोडायला लावले आणि आम्ही बघत बसलो. त्याने घावाच्या कडेची साल कुरतडली, मग वळून मागची बाजू त्या चिरेला टेकवली. मादी होती, अंडी घालत होती. आम्हाला ते इतके नवलाचे वाटले की तिला हाकलायचे सुचलेच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात खोडातून भुसा गळू लागला आणि एका बाजूची पाने वाळली. भाऊ म्हणाले, "भिरूड लागला. आतून खाऊन राह्यला." बाबांनी भोकात सायकलची तार घातली, रॉकेलचा बोळा कोंबला, वरून माती लिंपली. वर्षभर हेच चालले. आई रोज सकाळी पाने बघून यायची आणि चूल पेटवायची. दुसऱ्या उन्हाळ्यात झाड पूर्ण वाळले.

पुष्कळ वर्षांनी मी जपानातल्या वाळणाऱ्या पाइन वृक्षांविषयी वाचले. तिथेही लांब मिशांचे भुंगेच दिसत, म्हणून वर्षानुवर्षे दोष त्यांच्यावर होता. झाड मारणारा निघाला डोळ्यांना न दिसणारा सूत्रकृमी. तो भुंग्याच्या श्वासनळ्यांत बसून येतो, भुंगा कोवळी साल खातो तेव्हा तिथून झाडात शिरतो, आणि झाडातली पाण्याची वाट बंद होते. आमच्या आंब्यात असे काही नसावे. पण नजरेला पडतो तोच गुन्हेगार, एवढे सोपे ते नसते, हे मला पटले. त्या उन्हाळ्यात बाबांना मात्र किडाच गुन्हेगार आहे, आपले घाव नाहीत, असाच पुरावा हवा होता.

वाळलेले खोड त्यांनी स्वतः फोडले आणि गवताची काडी घालून एकेक भुयार मोजले. तीन खालच्या घावांपासून निघालेली. चौथे मात्र पार वर, कुऱ्हाड कधी पोचली नव्हती तिथे.

"हे बघ. हा आधीच आत होता. घावांचा काही संबंध नाही." त्यांनी आईला हाक मारून दाखवले.

आईने काडीकडे नाही, बाबांच्या तोंडाकडे पाहिले. "असन," म्हणाली, आणि आत गेली.

मी खाली वाकून भुसा चिमटीत घेतला. घावांजवळचा काळपट, जुना होता. वरच्या भुयारातला पांढरा होता, ताजा. वरचा किडा सगळ्यांत शेवटी आला होता. बाबांनी विचारले, "काय बघतेस?"

"काही नाही," मी म्हणाले.

त्यानंतर ते पाहुण्यांना ती गोष्ट नेहमी चौथ्या भुयारासकट सांगत, आणि मी चहा ओतत ऐके. गेल्या वर्षी दवाखान्यातही त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगितली. त्याने माझ्याकडे पाहिले, तेव्हा मी मान हलवून खरे आहे असे म्हटले.