कडूबाईनं मांडलेला नाताळ

टेंभुर्णीच्या कडूबाईचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं. नवरा लवकर वारला, तेव्हा बिभीषण कडेवर होता. कडेवर पोर आणि हातात काठी, असं तिनं कळप राखत त्याला वाढवलं. मोठा झाल्यावर तो दुबईच्या एका हॉटेलात स्वयंपाकी म्हणून गेला आणि तिथं त्याच भटारखान्यात काम करणाऱ्या मारिसेल नावाच्या फिलिपिनो मुलीशी लग्न करून बसला. कडूबाईला हे फोनवर कळलं. तिनं फोन ठेवला आणि पुढं दोन दिवस त्याचा फोन उचलला नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर बिभीषण बायको आणि तीन वर्षांची छकुली यांना घेऊन कायमचा परत आला. त्याला जालन्यात एका हॉटेलात काम मिळालं. खोली मिळेपर्यंत मारिसेल आणि छकुली टेंभुर्णीतच राहिल्या. सून गोरीपान, बुटकी, हसरी. "आत्याबाई, चहा?" एवढंच मराठी तिला सुरुवातीला येई. कडूबाई चहा घेई, पण तिच्याशी बोलत नसे. नात मात्र पहिल्याच दिवशी आजीच्या गोधडीत शिरली होती.

नाताळ दोन दिवसांवर आला आणि बिभीषणचा फोन आला. हॉटेलात पार्ट्यांची गर्दी, सुट्टी नाही. मारिसेल "ओके, ओके" म्हणाली आणि मागच्या अंगणात भांडी घासायला बसली. कडूबाई शेळ्यांना पाला टाकायला तिकडं गेली, तर सून तीच परात पुन्हा पुन्हा घासत होती. नाक लाल झालं होतं.

कडूबाई तिथंच थबकली. तिला वाशीमकडचं एक रान आठवलं. लग्नानंतरची तिची पहिली दिवाळी त्या रानात, मेंढरांच्या वाड्यावर गेली होती. गावात फटाके वाजत होते आणि ती पालात डोक्यावरून पदर घेऊन रडत होती. मग शेताची मालकीण आली. हाताला धरून तिला घरी नेलं, पाटावर बसवून अंगाला तेल चोळलं, ताटात करंज्या वाढल्या. त्या बाईचं नावही कडूबाईला ठाऊक नव्हतं.

"मारशील," कडूबाईनं हाक मारली. सुनेचं नाव तिच्या जिभेवर असंच वळत असे. "तुमच्या सणाला काय काय करत्यात?"

मारिसेलला आधी कळलंच नाही. मग तिनं ओले हात झग्याला पुसले आणि बोटांवर मोजत मोडक्या मराठीत सांगू लागली. कालदेरेता, म्हणजे मटणाचा रस्सा. पान्सित, म्हणजे परतलेल्या लांब शेवया. लुम्पिया, म्हणजे खिम्याच्या तळलेल्या गुंडाळ्या. बिबिंका, म्हणजे तांदूळ-खोबऱ्याचा केक. डुकराचं नाव तिनं घेतलं नाही. ते या घरात चालत नाही, हे बिभीषणनं तिला आधीच सांगितलं होतं.

"आन् कधी जेवत्यात?"

"रात्री बारा."

"बाराला आमच्यात कुत्रंबी जागं नसतंय," कडूबाई म्हणाली. "पर करू आपण. सगळं करू."

चोवीस तारखेला सकाळी कडूबाईनं आपल्या दावणीचं बोकड कापायला दिलं. मारिसेलनं काळीज वेगळं मागितलं. ते उकडून, वाटून रश्शात घालायचं, म्हणजे रस्सा दाट होतो. कडूबाईनं पाटा धुतला आणि स्वतः वाटायला बसली. सोया सॉस आणि व्हिनेगर स्टँडवरच्या पप्पूच्या चायनीज गाडीवरून आलं. पान्सितसाठी उन्हाळ्यात केलेल्या हातशेवया डब्यातून निघाल्या. खिरीला मोडतात तशी कडूबाई त्या मोडायला लागली, तोच मारिसेलनं तिचा हात धरला.

"न्हाई, आत्याबाई! लांब पायजे. शेवई लांब, माणूस... लांब जगते."

"आस्सं व्हय!" कडूबाईनं हात आखडता घेतला. "मंग एकबी मोडू नको."

दुपारी रायभान दारात आला. हा कडूबाईचा धाकटा दीर, भावकीतला बोलका माणूस. तो आत आला नाही.

"वहिनी, गावात काय बोलून राह्यले ठाऊक हाय का? ह्यांच्या सणाला डुक्कर भाजत्यात म्हणं. पप्पूच्या गाडीवरून काय काय आणलंय. आमी कसं जेवावं तुमच्या घरी?"

मारिसेलला शब्द कळले नसावेत, पण सूर कळला. ती उलथनं हातात धरून तशीच उभी राहिली. कडूबाईनं पातेल्यावरचं झाकण उचललं.

"भावजी, आपल्या दावणीचं बोकड हाय. पोळ्याला तुमीच त्याच्या पाठीवरून हात फिरवला व्हता. या, बघा, वास घ्या."

"बोकड असंल, पर रीत तर आपली न्हाई ना?"

"रीत तिची हाय. घर आपलं हाय."

रायभान मान हलवत निघून गेला. त्याच्या मागोमाग आलेली त्याची बायको सोनूबाई मात्र गेली नाही. ती उंबऱ्यावर टेकली, थोडा वेळ बघत बसली आणि मग म्हणाली, "त्या पोळ्या लई जाड लाटल्यात, अक्का. द्या इकडं." लुम्पियाच्या पातळ पोळ्या तिनंच लाटल्या.

बिबिंकेला खालून-वरून निखारे लागतात. मातीच्या परळात केळीचं पान घालून कडूबाईनं ती चुलीवर ठेवली आणि वरच्या झाकणावर निखारे रचले. एवढ्यात छकुली कोंबडीमागं धावताना पडली. तिला उचलून, समजूत काढून येईपर्यंत बिबिंकेचं बूड काळंठिक्कर झालं होतं. मारिसेल हसली. "मम्मी पण जाळते," ती म्हणाली. त्यांनी वरचा पांढरा भाग काढून ताटलीत ठेवला.

दिवे लागले. मारिसेलनं दिवाळीचा आकाशकंदील पुन्हा ओसरीवर टांगला. ताटं मांडून झाली, तरी रायभानचा पत्ता नव्हता. रुसलेल्याला आणायला आपणच जावं लागतं, हे कडूबाईला ठाऊक होतं. तिनं पदर नीट केला आणि त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"भावजी, तुमचा भाऊ असता तर सुनेच्या पहिल्या सणाला पहिला पाटावर बसला असता. आता त्याच्या जागी तुमीच हाव. चला."

रायभाननं खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली आणि तो तिच्या मागं चालू लागला.

तो पहिले चार घास सावध जेवला. मग भाकरी कुस्करली. "रस्सा बराबर हाय," तो म्हणाला, "पर ही काय तिखट खात न्हाई वाटतं. मिरची लई कमी." कडूबाईनं सुनेच्या नकळत मूठभर तिखट आधीच टाकलं होतं आणि मारिसेलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सोनूबाई हसून हसून बेजार झाली.

जेवणं चालू असतानाच व्हिडिओ कॉल आला. इथं साडेनऊ झाले होते, पण तिकडं फिलिपिन्समध्ये रात्रीचे बारा वाजले होते. पडद्यावर मारिसेलची आई, भावंडं, मागं उजेडच उजेड. मारिसेलनं फोन ताटांवरून फिरवला. लांब शेवया दिसल्या तशी तिची आई काहीतरी ओरडली आणि तोंडावर हात ठेवून रडायला लागली.

कडूबाईनं फोन मागून घेतला. त्यात कुठं बघावं हे तिला नीट कळेना, म्हणून तिनं तो तोंडाजवळच धरला.

"इहीणबाई, जेवल्या का? पोरीची काळजी करू नका. ती हितं हाय, माझ्यापाशी."

पलीकडच्या बाईला एक अक्षर कळलं नाही. तरी तिनं डोळे पुसत बराच वेळ मान हलवली आणि तिच्या भाषेत काही सांगितलं. कडूबाईनंही मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिभीषण जालन्याहून धापा टाकत आला. आई आणि बायको ओसरीवर छकुलीच्या वेण्या घालत बसल्या होत्या.

"आई, मला काय ठिवलं?"

"भांडी," कडूबाई म्हणाली. "मागच्या अंगणात हायेत. जल्दी घास, मंग चहा देते."