झरोक्यावरचा कागद

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा रंगारी. जिथे रंगाचे दोन हात पुरतात तिथे हा माणूस तिसरा हात मारल्याशिवाय चाळीस वर्षांत कधी शिडीवरून उतरला नाही. घरमालक म्हणायचे, अहो, झाली की भिंत छान. हे वरूनच म्हणायचे, "छान झाली की मी सांगेन." त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना 'तिसरा हात' म्हणते. मी भाऊजी म्हणते. चिडले की काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही, आणि मी चिडते फार. तो माझा स्वभाव, आणि त्याचं काय झालं तेच सांगायला बसले आहे.

त्यांची एकुलती एक लेक तीन वर्षं माहेरी आली नव्हती. शेवटची आली तेव्हा मागच्या खोलीत टर्पेंटाइनचे डबे रचलेले, आणि नातीला आधीच दम्याचा त्रास. ही नात म्हणजे भिंगरी, एका जागी ठरेल तर शपथ. त्या वासाने पोरीला अशी धाप लागली की मध्येच उचलून दवाखान्यात न्यावी लागली. लेक म्हणाली, "बाबा, हे घर आहे की गोदाम? हिला घेऊन मी परत इथे येणार नाही." आणि बोलली तशी वागली. ताई फोनवर रडायची. भाऊजी फोनजवळ यायचेच नाहीत.

यंदा लेक विरघळली. सुट्टीत आठ दिवस येते म्हणाली, पण एक जरी डबा दिसला तर त्याच पावली परत. फोन खाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी या माणसाने घर उकरायला घेतलं. डबे गेले, मागची खोली नातीची झाली, फरशी बदलली. बाथरूममध्ये नवं दार बसवलं, असं घट्ट की खालून मुंगी जाणार नाही. भिंगरीला बादलीचं पाणी आवडत नाही म्हणून वर शॉवर लावला. मी शिवणकाम करते, म्हणून पडदे, उशा, गाद्यांच्या खोळी माझ्याकडे, आणि मशीन घेऊन मी तिथेच मुक्काम ठोकला.

खोल्यांना बिनवासाचा रंग दिला. बाथरूमच्या छताला आणि दाराला मात्र ऑइलपेंटच पाहिजे, पाण्याला तोच टिकतो, हा भाऊजींचा हट्ट. नेमकं तेव्हाच शेजाऱ्यांनी घर पाडायला काढलेलं, दिवसभर धुळीचे लोट. ओल्या ऑइलपेंटवर धुळीचा कण बसला की भाऊजींच्या जिवाला घोर. म्हणाले, "मेहुणीबाई, त्या झरोक्यावर कागद चिकटवा." मी स्टुलावर चढले आणि जाड पुठ्ठ्याचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने असा बसवला की वाऱ्याची काय बिशाद. त्यांनी खालून पाहिलं आणि म्हणाले, "वा! तुम्ही धंद्यात यायला हव्या होत्या." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

त्याच बाथरूममध्ये गॅसचा गिझर. आम्ही तिघं तिथेच आंघोळी करत होतो.

तिसऱ्या दिवशी ताई आंघोळ करून आली आणि भिंत धरून उभी राहिली. गरगरतंय म्हणाली. भाऊजी हसले. "रंगाऱ्याची बायको ना तू? वास चढला. बाहेर ओट्यावर बस, चहा घे." ती बाहेर बसली, चहा प्यायली आणि बरी झाली. झालंच तर मग! त्या घरात डोकं दुखलं की रंग, मळमळलं की रंग, चाळीस वर्षं हाच हिशेब. दोन दिवसांनी माझे पाय कापायला लागले, मीही ओट्यावर बसले, मीही चहा प्यायले. डॉक्टरकडे जावं असं एकाच्याही मनात आलं नाही.

मग गिझरची ज्योत पिवळी दिसायला लागली. नेहमी निळी असायची. मी म्हटलं तर भाऊजी म्हणतात, "रंगातलं तुम्हाला जास्त कळतं की मला?" आणि गिझरच्या वर, नव्याकोऱ्या छतावर, तळहाताएवढा काळसर डाग उठला. भाऊजींनी तो घासला आणि वरून रंग मारला. दोन दिवसांनी डाग परत. त्यांनी परत घासला, परत मारला. जुनी ओल वर येतेय म्हणाले. आज तो डाग आठवला की अंगावर काटा येतो. ते घर आम्हाला ओरडून सांगत होतं, आणि भाऊजी त्याच्या तोंडावर रंग फासत होते.

लेक यायच्या दिवशी सकाळी भाऊजींनी दाराला बोट लावून पाहिलं. "वाळला. तो कागद काढा आता." मी दोन तास त्या फरश्या घासल्या होत्या, कंबर मोडली होती, आणि बाहेर धूळ उडतच होती. माझं टाळकं सरकलं. "हुकूम सोडू नका! संध्याकाळी काढते." ते हात जोडून म्हणाले, "बरं बाई, तुमचं राज्य." आणि स्टँडवर लेकीला आणायला गेले.

दुपारी ती आली. दारातच थांबली, श्वास ओढून घेतला आणि म्हणाली, "बाबा, वासच नाही हो!" भाऊजींनी तोंड फिरवलं, बाहीने डोळे पुसले. भिंगरी साऱ्या घरभर धावली, शॉवर पाहून किंचाळली, आणि टॉवेल घेऊन आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

आम्ही गप्पांत. लेक म्हणाली, "आता ही तासभर निघत नाही." सगळे हसलो. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की पाणी एकाच सुरात पडतंय. अंगावरचं पाणी कमीजास्त वाजतं, हे सरळ फरशीवर पडत होतं. मी हाक मारली. लेकीने मारली. भाऊजी उठले, त्यांनी दाराला खांदा दिला. कडी त्यांनीच बसवलेली, लांब स्क्रू घालून. चौथ्या धडकेला ती निघाली.

पोर फरशीवर पडली होती. चेहरा लालबुंद. भाऊजींनी तिला उचललं आणि तसेच ओले, अनवाणी रस्त्यावर धावत सुटले.

ती वाचली. तिन्हीसांजेला डोळे उघडले, आईला ओळखलं. डॉक्टर म्हणाले, गिझरचा विषारी वायू, त्याला वास नसतो, आणखी पाच मिनिटं गेली असती तर काही खरं नव्हतं. मग विचारलं, "घरात आधी कुणाला चक्कर आली होती?"

ताई म्हणाली, "आठ दिवस येतेय."

"बाथरूमला झरोका नाही?"

"आहे," भाऊजी म्हणाले. "त्यावर कागद होता. मी लावला. काढायचं मीच विसरलो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ताईने पाहिलं. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं, पण तेवढ्यात लेक बापावर तुटून पडली. "तुम्हाला भिंती कळतात बाबा, माणसं नाही कळत! मरायला आणलं होतं का माझ्या पोरीला?" बोलत सुटली, आणि ते मान खाली घालून ऐकत राहिले. माझी एवढी चुरूचुरू चालणारी जीभ, तेव्हा टाळूला चिकटली. चार दिवसांनी मायलेकी दवाखान्यातूनच परत गेल्या.

आता ती दर रविवारी मला फोन करते. बापाशी बोलत नाही. म्हणते, "मावशी, तू अधूनमधून जाऊन राहत जा गं तिथे. तुझ्या भरवशावर आहे मी. बाबांचा काही नेम नाही." मी हो म्हणते. कधी कधी फोन येतो तेव्हा मी ताईकडेच असते आणि भाऊजी समोर बसलेले असतात. मी फोन ठेवला की विचारतात, "पोर बरी आहे ना?"

बरी आहे, मी म्हणते. त्यापुढे ते काही विचारत नाहीत.