कोंडीरामाचं चढतं घर

चाकणच्या अलीकडं, माळाच्या उतारावर कोंडीरामाचं कौलारू घर आहे. गावातली बाकीची घरं बांधली तिथंच निमूट बसून राहतात. कोंडीरामाचं घर मात्र रोज दुपारी वर चढायचं आणि रात्री गपचिप खाली यायचं.

कोंडीराम पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर होता. देहूरोडच्या भंगारवाल्याकडं त्याला विमानातलं उंची सांगणारं यंत्र मिळालं. काळी तबकडी, पांढरे आकडे आणि खाली काटा फिरवायचं बटण. देव्हाऱ्याशेजारी त्यानं ते खिळ्याला टांगलं. काटा सकाळी एका जागी, दुपारी भलतीकडंच. त्याची बायको सरूबाई म्हणाली, "घर शंभर फूट वर गेलं म्हनं. माझा हंडा मातुर तेवढाच जड."

उलगडा केला तो दत्तोबानं. कंपनीच्या गाडीत तो कोंडीरामाशेजारी बसायचा. आधी हवाई दलात फिटर होता. त्यानं सांगितलं, हवेलाही वजन असतं, आपल्या डोक्यावर तिची रास रचलेली असते. डोंगर चढावा तशी ती रास कमी होते, दाब उतरतो. यंत्र मोजतं तो दाबच, आणि त्यावरून उंचीचा अंदाज बांधतं. रोज दुपारी हवा थोडी सैल पडते, रात्री पुन्हा दाटते. पण मोठं वादळपाणी जवळ आलं की ती हलकी होते आणि हलकीच राहते. यंत्राला वाटतं, आपणच वर चढलो. शेवटी जाता जाता दत्तोबा म्हणाला, उडायच्या आधी वैमानिक काटा शून्यावर लावून घेतो.

कोंडीरामानं घरी येऊन सरूबाईला सगळं सांगितलं, पण स्वतः शेवटचं तेवढं पदरात बांधलं. अंघोळ, देवाला दिवा, आणि मग काटा शून्यावर. घर जमिनीवर आणल्याशिवाय तो चहाला शिवत नसे.

गेल्या वैशाखात कांदा काढून रानात सुकत टाकला होता. काटा शून्यावर आहे, आभाळ कोरडंच राहणार, असं कोंडीराम ठासून म्हणाला. त्याच रात्री पाऊस कोसळला. भिजलेला कांदा साठवणीच्या बराखीत भरला, तो निम्मा सडला. सरूबाई भांडली नाही. जेवताना कांद्याची फोड वाढायची आणि म्हणायची, "घ्या. शून्यावरचा हाय."

यंदा पुन्हा कांदा रानात होता. हाही गेला तर पावसाळा कशावर काढायचा, हा तिच्या जिवाला घोर. अशात कोंडीरामाला ओव्हरटाइम लागला. तो दत्तोबाकडं संत तुकाराम नगरला मुक्कामाला गेला. जाताना बजावून गेला, बटणाला हात लावू नकोस, ते माहितगाराचं काम आहे.

तिनं नाही लावला. दुपारी काटा चढला, ती हसली. रात्री तो उतरला नाही. सकाळी आणखी वर. आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख. सरूबाई हातात केरसुणी धरून यंत्रासमोर उभी राहिली. मग तिनं शेजारच्या जाईबाईला आणि आळीतल्या बायांना हाका मारल्या.

"घर उडालं का काय गं तुझं?" जाईबाईनं विचारलं.

"उडालंय, म्हनूनच बोलावतेय. पाट्या घ्या."

दिवेलागणीला शेवटची पाटी बराखीत पडली. रात्री कौलं वाजायला लागली.

सकाळी कोंडीराम चिखल तुडवत आला. रान मोकळं पाहून कांदा ओढ्याला गेला असंच त्याला वाटलं. सरूबाईनं त्याला बराखी दाखवली. कांदा खडखडीत कोरडा.

"तुमी न्हवता म्हनून कळलं," ती म्हणाली. "घर बिचारं सांगायला वर चढत व्हतं, आन् तुमी रोज सकाळी उठून त्येला खाली वढत व्हता."

कोंडीरामानं अंघोळ केली, दिवा लावला. सवयीनं हात बटणाकडं गेला. सरूबाई पाठमोरी पाखडत होती; तिचं सूप थांबलं. कोंडीरामानं टॉवेलनं काच तेवढी पुसली.

संध्याकाळी पारावर त्यानं आपल्या यंत्रानं कांदा कसा राखला ते रंगवून रंगवून सांगितलं. सरूबाईच्या कानावर ते आलंच. रात्री तिनं त्याच्या ताटात फोड वाढली.

"घ्या," म्हणाली. "ह्यो वरच्या घरातला हाय."