ओल्या शेंदरावरचा अंगठा

भिवा गेल्याचा निरोप घेऊन आला तो गोविंदबुवा. अख्ख्या लालबागेत दुसरं कुणी मिळालं नाही का, असं आधी मनात आलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली. परळच्या एका लोखंडाच्या कारखान्यात मी कोठीवर कारकून आहे. नाव लिहीत नाही, नोकरी टिकवायची आहे. त्या सकाळी मी शेंदराचं नवं पीप फोडून देत होतो आणि फाटकाशी हा बोडक्या डोक्याने उभा. "नाना, भिवा गेला," एवढंच म्हणाला. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. डोळे पुसायचे तर तेही करता येईना... याच माणसाच्या दारात दीड वर्षापूर्वी मी चार जणांना घेऊन गेलो होतो आणि सगळ्या चाळीदेखत त्याची आईबहीण काढली होती. त्याच्या तोंडावर त्यातलं काही दिसलं नाही. "चला, वहिनी एकट्या आहेत," म्हणाला आणि पुढे चालू लागला.

भिवा आणि मी मालवणाजवळच्या एकाच गावचे. एकाच गलबतातून मुंबईला आलो, दोघेही वाटभर ओकत. मामाने मला इंग्रजी शाळेत घातलं, म्हणून मी खुर्चीवर बसलो. त्याला मामा नव्हता, म्हणून तो कुंचला धरून उभा राहिला. एवढाच काय तो आमच्यात फरक. पण कुंचला धरावा तर त्याने! तुम्ही आगगाडीने खाडी ओलांडता तेव्हा खालच्या पुलाचं लोखंड खाऱ्या वाऱ्यात कुजत का नाही, याचा विचार तुम्ही कशाला कराल? ते भिवासारख्यांमुळे कुजत नाही. गंज खरवडायचा, लोखंड कोरडं करायचं, शेंदराची भुकटी अळशीच्या उकळलेल्या तेलात घोटायची आणि पातळ हात मारायचा. मग थांबायचं. नवशिके जाड थापतात. दुधावर साय धरावी तसा वर पापुद्रा येतो, आत ओलंच राहतं. मग सुरकुत्या पडतात, फोड येतात, पोपडे निघतात आणि खाली गंज आपला सुखात वाढतो. म्हणून दुसऱ्या हाताआधी भिवा अंगठा दाबून, जरा पिळून बघायचा. ठसा उठला तर कच्चं. "वरसून सुकला म्हंजे सुकला नाय, नाना," असं तो मला शंभरदा तरी म्हणाला असेल. दुपारी त्याच पिपाला टेकून, हात धोतराला पुसून, भाकरी आणि सुका बांगडा खायचा. नळ लांब होता, आणि लांब नसता तरी तो गेला नसता.

त्याचं दुसरं वेड म्हणजे भजन. आमच्या चाळीमागे पिंपळाखाली छपरी घातलेला मारुती आहे. दर शनिवारी तिन्हीसांजेला तिथे भिवा चिपळ्या घेऊन उभा राहिला की गिरणीतून सुटलेली माणसं घरी न जाता तिथेच थांबत. आवाज असा, की पुढची गल्लीसुद्धा ऐकून गप्प व्हावी. हनुमानजयंतीच्या आधी मारुतीला शेंदूर द्यायचा मानही त्याचाच. पुजाऱ्याला घाई, हा मात्र पुलाला द्यावेत तसे तीन पातळ हात द्यायचा, मध्ये चार-चार दिवस सोडून. पुजारी वैतागून म्हणायचा, "अरे, देव आहे तो, बॉयलर नव्हे!" भिवा त्याला म्हणायचा, "म्हणान तर सावकाश."

आता मुख्य गोष्टीवर येतो. टाळत होतो, पण किती टाळणार? पिपांबरोबर विलायतेहून इंग्रजीत छापलेला एक कागद येई. एका दुपारी रिकामपणी मी तो वाचला. या भुकटीत शिसं आहे, ते विषारी आहे. हात धुतल्याशिवाय खाऊ नये. धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये. पोटात कळा येऊ लागल्या, मनगट दुबळं झालं, तर काम थांबवून वैद्य गाठावा. मी भिवाला गंमत म्हणून तो वाचून दाखवला. हो, गंमत म्हणून! भाकरीचा तुकडा तोंडात घोळवत तो म्हणाला, "मारुतीक अंगभर लावतत, तेका काय झाला? माका काय होतला?" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. माझ्या टेबलाचा एक पाय डुगडुगत होता. त्या कागदाची घडी करून मी पायाखाली सारली आणि टेबल छान बसलं.

वर्षभरात त्याचा आवाज बसला. आधी पोटात कळा, मग घोगरेपणा, मग शब्द नुसतेच वाऱ्यासारखे निघू लागले. ज्येष्ठमध झालं, खडीसाखर झाली. एका शनिवारी चिपळ्या हातातून गळून पडल्या आणि आमची डोकी फिरली. गाणाऱ्याला बुडवायचं तर त्याला विड्यातून शेंदूर चारतात, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आणि दिवाळीतल्या भजनानंतर भिवाला विडा दिला होता पलीकडच्या चाळीतल्या गोविंदबुवाने. झालं! भिवाच्या खालोखाल आवाज त्याचाच. आणखी पुरावा कशाला हवा? मी पुढे, बाकीचे मागे. गोविंदबुवाने मारुतीच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली, तर मी म्हणालो, "देवालाही फसवतोस, मेल्या?" त्यानंतर त्याला कुणी भजनाला बोलावेना. अहो, भिवाला शेंदूर चारला जात होता हे खरंच होतं. चारत होतो मी. रोज सकाळी, कोठीचं कुलूप काढून, माझ्या या हातांनी.

कळलं ते दवाखान्यात. डॉक्टरने भिवाचा ओठ वर केला आणि हिरड्यांच्या कडेने गेलेली निळसर रेघ मला दाखवली. "काम काय करतात हे?" म्हणून विचारलं. मी म्हणालो, रंगाचं. "लाल?" एवढाच दुसरा प्रश्न... मी तिथून पळत कोठीत आलो, टेबलाखालचा कागद ओढला. टेबल कलंडलं, दौत सांडली. कागदात सगळं ओळीने लिहिलेलं होतं: कळा, मनगट, सगळं. तो कागद घेऊन मी गोविंदबुवाकडे गेलो आणि त्याचे पाय धरले. तो पाय सोडवून घेऊन आत गेला. पुढच्या शनिवारी मात्र चिपळ्या घेऊन भिवाच्या खोलीत आला, आणि मग दर शनिवारी येत राहिला.

मुकादमाच्या हातापाया पडून मी भिवाला डांबराच्या कामावर लावलं. चार महिन्यांत रंग पालटला. कळा थांबल्या, घशात थोडा सूर येऊ लागला, वहिनींनी नवसाचे नारळ फोडले. आणि मग एका मोठ्या पुलाच्या तुळयांना फोड आले. कुणीतरी दमट लोखंडावर जाड थापलं होतं. साहेब म्हणाला, त्या भिवाला बोलवा. निरोप घेऊन मला पाठवलं. गावी गेलाय, आजारी आहे, मेलाय, काय वाटेल ते मला सांगता आलं असतं की नाही? मी निरोप सांगितला. वहिनी म्हणाल्या, "नाही जायचं." भिवा माझ्याकडे बघून म्हणाला, "तूच सांग नाना, दुसरो कोण करतलो?" त्याच्या डोळ्यांत चक्क आनंद होता हो! पंधरा दिवसांचं काम आहे, मी म्हणालो. नाकाला बांधायला फडकं दिलं, साबणाची वडी दिली, पाण्याची घागर भरून जवळ ठेवली. चार दिवस त्याने ऐकलं. पंधरा दिवसांचे तीन महिने झाले.

गेल्या चैत्रापर्यंत त्याची दोन्ही मनगटं लुळी पडली होती. मारुतीला हात द्यायची पाळी माझ्यावर आली. तो पायरीवर बसून घशातल्या घशात सांगत होता, पातळ, पातळ. मी घाबरून जाडच थापत गेलो. चौथ्या दिवशी गोविंदबुवा त्याला धरून घेऊन आला. भिवाने मानेने खूण केली. त्याचा हात वर होईना, तेव्हा गोविंदबुवाने तो आपल्या हातात घेतला आणि मारुतीच्या छातीवर अंगठा टेकवला. अंगठा आत रुतला. "कच्चो आसा," भिवा म्हणाला. "जाड लावलंस. खरवडून परत लाव." मी म्हटलं, उद्या करतो. उद्या केलं नाही, परवाही नाही; आणि मग त्याने अंथरुणच धरलं.

त्याच्या जागी आता नवा माणूस आलाय, आमच्याच बाजूचा. पहिल्याच दिवशी मी त्याला तो कागद मराठी करून वाचून दाखवला, एकदा नाही, तीनदा. तो भाकरी मोडत म्हणाला, "नाना, मारुतीला तर अंगभर चोपडतात, त्याला काय झालंय?" बाकीचे हसले. या खेपेला मी हसलो नाही, पण त्याने कुणाचं काय अडलं? दुसऱ्या दिवशी सकाळी कोठी उघडून मी त्याला पीप काढून दिलं. न देऊन करतो काय?

परवा शनिवारी मारुतीला गेलो. वहिनी तेल वाहून गेल्या होत्या, गोविंदबुवा भजनाची तयारी करत होता. पुजाऱ्याने शेंदराने माखलेल्या बोटांनी खोबऱ्याचा तुकडा पुढे केला. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? खाल्ला. मग जवळ जाऊन बघितलं. माझ्या जाड हाताला सगळीकडे सुरकुत्या पडल्यात, पण छातीवर भिवाचा अंगठा तसाच आहे, रेघ न् रेघ दिसते. पुजारी म्हणाला, "येत्या जयंतीला हे खरवडून नवा हात द्यायचा, आणि तो तुम्हीच द्यायचा. भिवाने तुम्हाला शिकवलंय." त्या ठशात माझा अंगठा ठेवला, दाबला, जरा पिळून बघितला. अंगठा कोरडा निघाला. आता आतपर्यंत वाळलंय, भिवा.