मागच्या रिकाम्या सीटवरची ओकारी

आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट घाण आहे. जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवण उरका.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. असले अनुभव मी वाचतो ते चुका काढायला. कोणाला पिंपळाखाली बाई दिसली की मी बायकोला म्हणतो, "याच्या चष्म्याचा नंबर वाढलाय." उभा जन्म विमानं उडवण्यात गेला... आधी एअर फोर्स, मग खाजगी कंपन्या... आणि वर आकाशात मला ढग नि घारींशिवाय काहीही भेटलं नाही. आता असलं काही लिहायची पाळी माझ्यावरच आली, याचीच मला शिसारी येते.

आणि शिसारी हा माझा जुना रोग आहे. पंगतीत शेजारच्याचा हात चुकून माझ्या पानाला लागला तर मी पान सोडून उठतो. बसस्टँडच्या भिंतीवरची खर्र्याची पिचकारी पाहिली की दिवसभर जेवण जात नाही. नातू ओकला की तो आईकडे आणि मी गॅलरीत. बायको म्हणते, "तुम्ही वरच बरे. खाली माणसं राहतात." हा स्वभाव लक्षात ठेवा. सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. जुन्या वस्तूंचा शौक असलेल्या एका बड्या माणसानं एक जुनं ट्रेनर विमान विकत घेतलं होतं. एकामागे एक अशा दोन सीटा, दोन्हीकडे उडवायचा दांडा, पुढे पंखा. ही जात एअर फोर्सनं कधीच मोडीत काढली, पण आमच्या पिढीतली पोरं उडायला शिकली ती हिच्यावरच. विमान हैदराबादच्या बाजूला होतं, ते भोपाळच्या पलीकडे त्याच्या फार्महाऊसपर्यंत न्यायचं होतं. हे काम मला मिळालं तेव्हा, खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं होतं.

ते पाणी लवकरच सुकलं. मालकाला विमान कशाला हवं होतं ते वाटेत कळलं. शनिवारी पोरीच्या लग्नातलं संगीत होतं. पंखांना झेंडूच्या माळा लावायच्या, नवरी मागच्या सीटवर बसवायची आणि विमान धूर सोडत स्टेजपर्यंत ढकलत आणायचं. ज्या सीटवर पोरांनी घाम गाळला, देवाचं नाव घेतलं, तिथे आता मेकअपवाली पफ घेऊन चढणार... मला मळमळलंच. आणि दर तासाला त्याचा फोन. "कॅप्टनसाब, कहाँ तक पहुँचे?"

नागपूरला मुक्काम केला. संध्याकाळी मालकाच्या मेकॅनिकनं मागच्या सीटखाली काहीतरी आवळलं. सकाळी निघण्याआधी ती जागा उघडून पाहणं माझं काम होतं. सीटच्या खाली चार स्क्रूची एक फळी असते, तिच्याखालून दांड्याचे रॉड जातात. तिथे एखादी वस्तू सुटी राहिली आणि रॉडमध्ये अडकली, तर दांडा जागचा हलत नाही आणि विमान हवं तिथे नाही, त्याला हवं तिथे जातं. म्हणून ती फळी उघडायची, हात घालून चाचपायचं आणि मगच सही करायची. हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात.

मी पहिला स्क्रू काढायला वाकलो आणि फोन वाजला. "कॅप्टनसाब, निकले?" मी वैतागून फटीतून टॉर्च मारला, काही दिसलं नाही, सही केली. मागच्या सीटचे पट्टे लोंबू नयेत म्हणून घट्ट बांधले आणि काच बंद केली. मागे कोणी नव्हतं. हेडसेटसुद्धा नव्हता.

हवा थंड, आकाश स्वच्छ. मी रेल्वेची लाईन धरून निघालो... काटोल, नरखेड, मग पांढुर्णा. उजवीकडे लांबवर माझं सौंसर. तिथे मी जन्मलो, पण ते वरून कधी पाहिलं नव्हतं. संत्र्याच्या बागा ओळीनं लावलेल्या, मध्ये मध्ये वेचायला आलेला कापूस. क्षणभर फार बरं वाटलं.

पांढुर्ण्याच्या बरोब्बर वर होतो, आणि कानातल्या हेडफोनमध्ये कोणीतरी आवंढा गिळला.

मी म्हटलं, जुनी वायरिंग. पुन्हा गिळला. तोंडाला पाणी सुटल्यावर माणूस गिळतो ना, तसा... एकदा, दोनदा, घाईघाईनं. मग घशातून उमाळा. हा आवाज मला ओळखू येतो, मी त्याच्यापासून आयुष्यभर पळत आलोय. आणि त्याच्यामागून वास आला. आंबट, गरम, ताजा. पेट्रोलचा नाही, तेलाचा नाही. माणसाच्या पोटातला.

मान वळवून मागची सीट दिसत नाही. आरशात काच दिसली, काचेच्या आत काही नव्हतं. वास मात्र वाढत गेला. माझं तोंड पाण्यानं भरलं, कपाळाला घाम आला. नागपूरला परतायचं तर वीस-पंचवीस मिनिटं, तेवढा वेळ मी शुद्धीवर राहिलो नसतो. सौंसरजवळ एका कारखान्यानं कधीकाळी केलेली धावपट्टी आहे, अडचणीत उतरायला तिची परवानगी काढून ठेवली होती. मी उजवीकडे वळलो. वळताना दांड्यात काहीतरी कुरकुरलं, पण त्या वासापुढे मला कसलंच भान नव्हतं. तोंडाला रुमाल दाबून एका हातानं उतरलो. खाली उडी मारून कुंपणापर्यंत पळालो आणि नुसता श्वास घेत उभा राहिलो.

पट्टीवरचा चौकीदार मारोतीभाऊ सायकल टाकून धावत आला. "काय झालं साहेब? बिमार पडले का कोणी?"

"मागे बघा जरा," मी म्हटलं. माझी हिंमत नव्हती.

तो पंखावर चढला, काच सरकवली आणि दोन पावलं मागे आला. "अरे बापा... कोणी ओकून राहिलं होतं इथं. माणूस कुठी गेला?"

मग मला पाहावंच लागलं. मी बांधलेले पट्टे तसेच घट्ट बांधलेले होते. त्यांच्यावर, पुढच्या सीटच्या पाठीवर, खाली फळीवर... पोहे. लाल तर्रीचा तवंग. आणि संत्र्याच्या फोडी, पांढऱ्या पापुद्र्यासकट, नीट न चावलेल्या. वाफ येत होती हो. मी सकाळी चहा आणि दोन बिस्किटं खाल्ली होती.

मारोतीभाऊ भला माणूस. "राहू द्या साहेब, तुम्ही तिकडे सावलीत बसा. मी एक बादली पाणी आनतो न् धुऊन टाकतो."

माझ्या तोंडात आलंच होतं, 'धुवा.' पण 'एक बादली पाणी' ऐकलं आणि मी जागीच थांबलो. हेच शब्द मी याआधी एकदा ऐकले होते, अशाच विमानाच्या पंखाखाली.

सुधाकर पांढुर्ण्याचा, मी सौंसरचा. ट्रेनिंगला आख्ख्या कोर्समध्ये आमची बोली बोलणारे आम्ही दोघंच. तो माझ्यापेक्षा चांगला उडवायचा, पण त्याला विमान लागायचं. दोनदा ओकला होता. तिसऱ्यांदा झालं तर उडणं बंद, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि तिथला रिवाज असा की ओकेल त्यानंच साफ करायचं.

शेवटी शेवटी दोन पोरांना मिळून पाठवायचे, शिकवणाऱ्या उस्तादाशिवाय. त्या दिवशी मी पुढे आणि सुधाकर मागे. सकाळी घरून आलेली संत्री मीच त्याला दिली होती, उपाशीपोटी जास्त लागतं म्हणून. उतरलो तेव्हा तो पांढराफटक, मागचं सगळं भरलेलं. पुढच्या उड्डाणाला उस्ताद यायला दहा मिनिटं होती.

"भास्कर, एक बादली पाणी आन ना बे," तो म्हणाला. "खालची फळी उघडून धुवा लागते. तू नुसती बादली आन, बाकी मी करतो. कोनाले माहीत नाही पडत."

नळ पन्नास पावलांवर होता. मी नाक धरून म्हणालो, "ज्याची घाण त्यानं काढावी," आणि निघून गेलो. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. उस्ताद आला तेव्हा सुधाकर स्वतःच्या अंगातल्या ओव्हरॉलनं सीट पुसत होता. त्या आठवड्यात तो गावी परतला. मी स्वतःला सांगत राहिलो, रोग लपवून उडणं वाईटच, झालं ते बरं झालं. खरं असेलही ते. पण मी काही नियमासाठी गेलो नव्हतो. मला किळस आली होती, बस.

मारोतीभाऊला मी म्हटलं, "नळ कुठे आहे?"

बादली मीच भरली. शर्टाच्या बाह्या वर केल्या. पहिली मूठ उचलताना दोनदा खाली उतरून गवतात ओकलो, तेही मीच धुतलं. हाताला ते कोमट लागत होतं, बोटांच्या फटींतून तर्री सुटत होती, पोह्यांचा चिकटा नखांत शिरला. मला स्वतःच्या हाताची किळस आली, मालकाची आली, त्या झेंडूच्या माळांची आली, आणि सगळ्यात जास्त त्या नाक धरून चाललेल्या पोराची आली. रडलो का? हो, रडलो. मारोतीभाऊ पाठ करून उभा राहिला.

घाण फळीच्या फटीतून खाली गेली होती. म्हणून स्क्रू काढले. चारही.

फळीखाली मेकॅनिकची पक्कड पडली होती. तिचं एक टोक रॉडच्या सांध्यात शिरलेलं आणि रॉडवर ताजे, चकाकणारे ओरखडे. अजून बोटभर आत सरकली असती तर दांडा गच्च बसला असता. पुढे सातपुड्याचे डोंगर होते. तिथे उतरायला जागा नाही.

मी मालकाला फोन केला की विमान आता पूर्ण तपासल्याशिवाय हलणार नाही. तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवरी घोडागाडीतून आली म्हणे.

दुपारच्या बसनं मी पांढुर्ण्याला गेलो. सुधाकर तिथेच असतो, पोस्टातून रिटायर झालाय, हे मला कित्येक वर्षांपासून माहीत होतं. गेलो कधीच नव्हतो. स्टेशनाच्या मागे घर. तो ओसरीवर आरामखुर्चीत पडला होता, पोटावर ओला रुमाल. मला पाहून उठला नाही.

"ये. गंज दिवसानं आला," तो म्हणाला. "वरतून तूच गेला होता का सकाळी?"

"तुला कसं कळलं?"

"त्या इंजिनचा आवाज मी विसरन का बे? गच्चीवर धावलो पाहाले. अन् डोकं असं फिरलं... जसं तवा ट्रेनिंगमधी फिरे ना, तसंच. गंज मळमळून राहिलं होतं."

त्याची बायको पाणी घेऊन बाहेर आली. म्हणाली, "भाऊजी, काय सांगू तुमाले. हे असे वाकले, घशातून असा आवाज काढला का मी बादली घेऊन धावली. अन् बादली कोरडीच. काहीच पडलं नाही. सकाळी चौकात तर्री-पोहे खाऊन आले होते, वरून दोन संत्रे. आता म्हनतात पोट एकदम रिकामं झालं, भूक लागून राहिली."

तोपर्यंत मी ओकारीबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

मग सगळं सांगितलं. बादली, फळी, पक्कड. माफी मागायची होती, ती नीट जमली नाही. नुसतं म्हणालो, "मी धुतलं सुधाकर. माझ्या हातानं." त्यानं पोटावरचा ओला रुमाल उचलून बाजूला ठेवला. मला वाटलं, हाकलेल. हाकललं असतं तर बरंच झालं असतं.

"एक बादली आनाले चाळीस वर्षं लागले तुले," तो म्हणाला. मग बायकोला हाक मारली, "दोन ताटं वाढ वं."

हे कसं झालं ते मला आजही माहीत नाही. नागपूरला कोणी खोडी केली म्हणावं, तर काच मी स्वतः बंद केली होती आणि ते गरम होतं. मला भास झाला म्हणावं, तर मारोतीभाऊनं डोळ्यांनी पाहिलं. आमच्या ट्रेनिंगचं विमान हेच होतं का, तेही सांगता येत नाही, जुने कागद अर्धे गहाळ आहेत. आणि सुधाकर तर जिवंत आहे, धडधाकट आहे, त्याला भूत कसं म्हणायचं? तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर सांगा, मी चुका काढणार नाही.

जेवणं झाल्यावर सुधाकरनं एक संत्रं सोललं. फोडीवरच्या शिरा नखानं ओढून काढल्या, बोटं धोतराला पुसली आणि फोड माझ्यापुढे धरली. कोणाच्या हातचं असं उघडं काही मी जन्मात खाल्लेलं नाही. ती खाल्ली.