खांद्याला आपली माणसं

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा वडिलांच्या छातीत कळ आली आणि आमच्या मळ्यात भाऊकी अवतरली. वाटणीच्या भांडणापायी ज्यांचं तोंड पाहायला वडील तयार नसायचे, ते सिन्नरचे दोघे चुलते निरोप मिळताच ओट्यावर येऊन बसले. नाशिकच्या मोठ्या डॉक्टरांची तपासणी पुढच्या आठवड्यात होती, पण वडिलांनी मनातल्या मनात स्वतःची तिरडी बांधूनही ठेवली होती.

"खांद्याला आपलीच मानसं पायजेत. भायेरच्याचा हात नको," ते आईला म्हणाले.

बाहेरचा म्हणजे आमचे टेम्पोवाले चाचा. मुसलमान, शेजारीच राहणारे. माझ्या जन्माआधीपासून आमचा झेंडू त्यांच्याच टेम्पोतून मार्केटला जायचा आणि त्यांच्या डब्यातली चटणी वडिलांना आईच्या चटणीपेक्षा चविष्ट लागायची. ते विचारपूस करायला आले, तर वडिलांनी कूस बदलली. "घरची मानसं हायेत आता," एवढंच म्हणाले. चाचा "बरं" म्हणून गेले. मला इतका संताप आला की चुलत्यांच्या चहात मी साखरच टाकली नाही.

दसरा तोंडावर आलेला, झेंडू काही कोणासाठी थांबणार नव्हता. चुलते ओट्यावर बसून दहाव्याची जेवणावळ ठरवत होते आणि चाचा रोज पहाटे येऊन आई आणि मी तोडलेली फुलं भरून नेत होते. वडील खाटेवरून टेम्पोचा आवाज ऐकायचे.

तपासणी झाली. हृदय ठणठणीत, सगळा खेळ पित्ताचा! आई दवाखान्याच्या जिन्यातच बसून रडली, मीही रडले. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. चुलते संध्याकाळच्या एसटीने गेले, जाताना वाटणीवरून पुन्हा भांडून.

दुसऱ्या दिवशी पहाटे टेम्पो आला तेव्हा वडील क्रेटपाशी उभे होते.

"भाई, लय भ्यालो व्हतो," ते खाली बघत म्हणाले. "आपलं कोन, परकं कोन, काय सुचंना. मी गेलो तर खांद्याला तू पायजे."

"जाशील तवा दीन खांदा," चाचा म्हणाले. "आत्ता ह्याला हात लाव. मार्केट चाललं निघून."

वडील हसले आणि वाकले. वजन उचलायला डॉक्टरांनी मनाई केली नव्हती, तरी क्रेटची दुसरी बाजू चाचांनी धरली.