पहिला टेक न पाहणारे पगारे सर

पगारे सरांना मी पहिल्यांदा नीट पाहिले ते मागून. आमच्या शहरातल्या उस्मानपुऱ्यात एका पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्या होत्या, तेच त्यांच्या निर्मितीसंस्थेचे कार्यालय. मी नुकताच पदवीधर झालेलो, हातात एका प्रसंगाची चार पाने आणि डोक्यात भरपूर हवा. "वाच," म्हणून सरांनी खुर्ची फिरवली आणि ते माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे बघत बसले. मला तो सरळ अपमान वाटला. तरी वाचले. खाली गिरणी सुरू झाली की थांबायचे, बंद झाली की पुढे वाचायचे, असे चालले होते. वाचून झाल्यावर सर भिंतीलाच म्हणाले, "घर दिसलं, चूल दिसली. बाई कुठंय? तिला बोलू दे की." ते वळले नाहीत. तरीही दुसऱ्या दिवसापासून मी त्यांचा सहायक झालो, तो कसा, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

दूरचित्रवाणी मालिकांचे दिग्दर्शक आणि निर्माते भास्करराव पगारे यंदा पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यानिमित्त होणाऱ्या सत्काराच्या गौरवअंकात त्यांच्या कारकिर्दीविषयी मी लिहावे असे संपादक मंडळाने सुचवले, कारण त्यांच्या हाताखाली सर्वांत जास्त काळ टिकलेला सहायक मीच. या लेखात कौतुक तर आहेच, पण एक गोष्ट अशीही आहे जी मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

सर मूळचे फर्दापूरचे. धम्मदीक्षा घेतलेले घर. वडील अजिंठ्याच्या लेण्यांत पाहुण्यांना चित्रांची माहिती सांगत. सर म्हणतात, "लेण्यात शिरलं की आधी काहीच दिसत नाही. उजेडाची सवय होईपर्यंत नुसतं ऐकायचं असतं. ऐकायला मी तिथं शिकलो." शिकायला आमच्या शहरात आले, नाटके केली, मग मुंबईत बरीच वर्षे सहायक दिग्दर्शक म्हणून राबले. तिथे जम बसलेला असताना ते परत आले आणि मालिका इथेच करायच्या, इथल्याच माणसांना घेऊन करायच्या, असे त्यांनी जाहीर केले. लोकांनी वेड्यात काढले. सरांचे म्हणणे साधे होते: "आमच्या बोलीच्या वाट्याला मालिकेत तीनच माणसं येतात. चोर, गडी आणि हसवणारा मामा. या बोलीत एखादी बाई शहाणं बोलते, हे कधी दाखवणार?"

त्यांची कामाची पद्धत पहिल्या दिवशी मी पाहिली तीच. सर पहिला टेक कधी पाहत नसत. कॅमेऱ्याकडे पाठ करून, कानाला हेडफोन लावून बसत. बोलणे खोटे वाटले की डोके हलायचे. खरे वाटले की सर हळूच वळून नटाकडे बघायचे. सर वळले म्हणजे टेक पास, हे सगळ्या युनिटला ठाऊक होते. मोठमोठे नट त्या वळण्यासाठी जीव टाकत. अर्थात या पद्धतीचे तोटेही होते. एका प्रसंगात चुलीशेजारी माझे स्कूटरचे हेल्मेट राहून गेले. सरांनी ऐकून टेक पास केला, आम्ही सगळे त्यांच्या पाठीकडे बघत बसलो होतो, आणि ते हेल्मेट तसेच महाराष्ट्रभर दिसले. एका प्रेक्षकाने पत्र पाठवून चुलीशेजारची ती टम्म फुगलेली भाकरी कुठल्या कंपनीची म्हणून विचारले. सरांनी ते पत्र कार्यालयात लावले आणि मला एवढेच म्हणाले, "आवाज मात्र बरोबर होता हां."

माणसे सांभाळणे हा त्यांचा दुसरा गुण. आमचे रंगभूषाकार रशीदभाई यांचे हात वयपरत्वे थरथरू लागले. ते स्वतःच येऊन म्हणाले, "सर, मेरे हाथां हिलरे अब. दूसरा आदमी देख लेव." सरांनी त्यांना बसवले, चहा मागवला आणि म्हणाले, "रशीदभाई, बुड्ढे लोगां के चेहरे तुमारेच हाथ से अच्छे बनते. जवान लोगां को दूसरा देख लेगा." त्यानंतर आमच्या मालिकांत म्हाताऱ्या माणसांच्या भूमिका एकाएकी वाढल्या. त्या सुरकुत्या इतक्या खऱ्या दिसत की वाहिनीवालेही विचारत, हे कुणाचे काम म्हणून. रशीदभाई शेवटपर्यंत आमच्याकडेच होते.

आता ती गोष्ट. 'घाटाखालची खानावळ' ही सरांची सर्वांत गाजलेली मालिका. तिच्यातल्या सासूच्या भूमिकेसाठी सरांनी दौलताबादच्या गयाबाईंना निवडले. गयाबाई किल्ल्याच्या पायथ्याशी पेरू विकत. गिऱ्हाइकाशी चाललेले त्यांचे बोलणे सरांनी पाठमोरे उभे राहून ऐकले आणि वळून विचारले, "बाई, आमच्या मालिकेत बोलाल का?" गयाबाई म्हणाल्या, "बोलंन की. पर म्या बोलते तसंच बोलंन. दुसरं मला येत नाय." सर म्हणाले, "मला तेवढंच पाहिजे." गयाबाईंच्या पहिल्याच टेकला सर वळले.

चार भाग दाखवून झाले. पाचव्या भागाच्या वेळी सरांच्या आईची प्रकृती बिघडली म्हणून ते फर्दापूरला होते आणि ध्वनीच्या शेवटच्या कामासाठी मी एकटा मुंबईला गेलो होतो. तिथे वाहिनीच्या एका अधिकाऱ्याने मला सांगितले, या बाईंची भाषा कळत नाही. आवाज बदला, नाहीतर मालिका इथेच थांबेल. मी घाबरलो. सरांना फोन करायला हवा होता. केला नाही, कारण ते काय म्हणतील हे मला पक्के माहीत होते. मी मुंबईतल्या एका अभिनेत्रीकडून गयाबाईंची सगळी वाक्ये शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणवून घेतली, आवाज बदलायला आमची संमती आहे अशा कागदावर सही केली आणि मालिका वाचवली या आनंदात परत आलो.

तो भाग लागला तेव्हा गयाबाईंच्या घरी सगळी गल्ली जमली होती. पडद्यावर गयाबाईंचे तोंड हलले आणि आत कुणी दुसरीच बाई बोलू लागली. पोरेटोरे हसली. गयाबाई उठून आत गेल्या आणि दोन दिवस चित्रीकरणाला आल्या नाहीत. सरांनी तो भाग घरी, नेहमीप्रमाणे टीव्हीकडे पाठ करून ऐकला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला काही न विचारता जीप काढायला सांगितली. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. दौलताबादेत गयाबाईंच्या ओट्यावर उभे राहून सर म्हणाले, "निर्माता मी आहे. चूक माझी आहे." गयाबाई म्हणाल्या, "तुमीच म्हणले बोल, अन् तुमीच माजं तोंड बांधलं व्हय साहेब?" सर खाली बघत राहिले. मी पेरूच्या टोपलीकडे बघत राहिलो. तेव्हा एक शब्द बोलायला हवा होता, तो मी बोललो नाही, याची मला लाज वाटते.

सरांनी वाहिनीला कळवले की आवाज गयाबाईंचाच राहील, नाहीतर मालिका नको. वाहिनीने चिडून संध्याकाळची वेळ काढून दुपारची दिली. दुपारी बायका जेवणखाण आटपून टीव्हीसमोर बसतात, हे बहुधा त्यांच्या लक्षात आले नसावे. मालिका तेव्हाच खरी गाजली. गयाबाईंनी दिलेला शब्द पाळून सगळे भाग पूर्ण केले. पण त्यानंतर सरांनी कितीदा बोलावले तरी त्या परत आल्या नाहीत. सरांच्या एकाही कार्यक्रमाला आल्या नाहीत. या सत्काराचे निमंत्रणही त्यांनी परत पाठवले.

सरांचा नियम आहे, लिहिलेले आधी वाचून दाखवायचे. म्हणून गेल्या आठवड्यात इथपर्यंतचा हा लेख घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. सरांनी खुर्ची गॅलरीकडे फिरवली. सहीच्या वाक्याशी आलो तेव्हा मी थांबलो. सर पाठमोरेच म्हणाले, "पाणी पी आणि वाच." वाचून संपवले. सर म्हणाले, "तो कागद मी त्याच आठवड्यात पाहिला होता. तू सांगशील म्हणून थांबलो. जरा लांबलं."

"सर, मग तुम्ही तरी बाईंना सांगायचं."

"मी सांगितलं असतं तर तू कधीच सांगितलं नसतंस. आणि हे मला काय वाचून दाखवतोस? आवाज माझा होता का?"

ते वळले नाहीत. मी उठलो आणि दौलताबादची बस धरली.

गयाबाई आता थकल्या आहेत, पण टोपली घेऊन बसतात त्याच जागी. मी शेजारी दगडावर बसून सगळा लेख वाचला. त्या पेरू पुसत ऐकत होत्या. सहीचे वाक्य आले तसा हात थांबला.

"फिरून वाच बरं तेवढं."

मी पुन्हा वाचले.

"म्हंजी साहेबानं नव्हतं केलं?"

"नाही. मी केलं."

"अरं देवा. इतकी वर्सं म्या त्या माणसाच्या दारात पाय ठिवला नाय. अन् त्यानं बी एका शब्दानं सांगितलं नाय." त्यांनी पदराने डोळे पुसले. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "तुज्यावर मला लई राग आलाय भाऊ. तुजं मी मागून बघते. आधी सत्कार कवा हाय ते सांग."

गयाबाई समारंभाला येणार आहेत. अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचे असते. ते काम मी गयाबाईंवरच सोपवले आणि त्यांनी ते तिथेच, टोपलीशेजारी बसून केले. जाताना मला बजावले, "म्या बोलले तसंच लिही, कुणाकडून बदलून घेऊ नको." मी एक अक्षरही बदललेले नाही:

"साहेब, तुमी लई जगा. हातपाय धड ऱ्हाऊ द्या तुमचे. अन् कान बी. मी येते. तुमी तिकडं तोंड करून बसा. मी बोलंन, अन् मग तुमी वळून बगा."